वाळूचा रंग

तिकीटवाली खुर्चीतून उठली. नसलेली पिशवी तिने डाव्या खांद्यावर टाकली, मान तिरकी केली, जमिनीकडे बघत दोन पावलं चालली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बघू. वॉशर गेला असेल." मग स्वतःच खदखदून हसली, आणि हसता हसता आपण हे कोणासमोर करतोय ते लक्षात येऊन तिने तोंडावर हात धरला. "चुकलंच हं भावजी. पण ताई अश्शीच करून दाखवायच्या तुमची नक्कल. डबा खाताना. ठसका लागायचा आम्हाला. म्हणायच्या, उद्या आभाळ कोसळू दे, आमचे हे वर बघतील आणि म्हणतील, वॉशर गेला असेल."

फिटरही हसला. अशा वेळी माणसं हसतात, म्हणून हसला. पण खांद्यावरची पिशवी एकदम जड झाली, आणि आपण ती डाव्याच खांद्यावर घेतली आहे, आपली मान तिरकी आहे, हे त्याला जन्मात पहिल्यांदा जाणवलं. त्याने पिशवी उजव्या खांद्यावर घेतली. तिथे ती बसेना. परत डाव्यावर घेतली. बायको जाऊन दोनेक महिने झाले होते आणि त्यानंतर या मत्स्यालयात तो आज प्रथमच आला होता, तोही इथल्यांनी बोलावलं म्हणून. शेवटच्या दालनातल्या छोट्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता. नळांची, पाइपांची, पंपांची इथली सगळी कामं कित्येक वर्षं तोच करत आला होता. त्याच्याच ओळखीने बायकोला इथे टाक्यांची देखभाल करायचं काम मिळालं होतं. येताना त्याने मनाची तयारी केली होती. लोक हळहळतील, चहा देतील, तिचा कप दाखवतील, आपण मान हलवायची. रडू आलंच तर पंपाच्या खोलीत जायचं, तिथे आवाज असतो. एवढी तयारी होती. कुणी आपल्याला आपणच करून दाखवील, आणि तेही तिच्याकडून शिकून, याची तयारी नव्हती.

"आणखी काय करायची?" त्याने विचारलं. आपण चौकशी करतोय असं वाटू नये म्हणून खिडकीच्या काचेवरचा एक डाग बोटाने पुसत विचारलं.

"काय नाही करायच्या ते विचारा. गाणी म्हणायच्या. मॅडम टाचा वाजवत येतात ना, तशा येऊन दाखवायच्या. वॉचमनला तर इतकं पिडायच्या, की ताई दिसल्या की तो बिचारा मागच्या दाराने सटकायचा. घरी तुम्हालाही सोडत नसतील!"

"छे," फिटर म्हणाला. "घरी तर विचारूच नका."

तो दालनाकडे चालायला लागला. आता आपण चालतोय ते कसे चालतोय याच्याकडेच त्याचं लक्ष होतं. दोन्ही बाजूंच्या टाक्यांतून निळा उजेड फरशीवर पडला होता आणि मासे नेहमीसारखे वर-खाली करत होते. घरी तर विचारूच नका. हे खोटंही नव्हतं. घरी विचारण्यासारखं काही नव्हतंच. घरी ती बोलायची ते असं: जेवता का. दिवा लावू का. लेकीचा फोन होता. बाकी संध्याकाळी कामावरून आली की तोंड धुवायची, तो मळकट मातकट रंगाचा गाऊन चढवायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी हात मांडीत घेऊन बसायची. तो समोर बसून पिशवीतले पाने पुसायचा, नाहीतर वर्तमानपत्र वाचायचा. भांडण नाही, तंटा नाही. लोक म्हणायचे, तुमच्या घरातून आवाज कसा तो येत नाही. त्याला त्याचा अभिमान वाटायचा. आपल्याला आपल्यासारखीच मिळाली, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. दोन गप्प माणसं एका घरात. गाणी? कुठली गाणी? त्याने आठवून बघितलं. तिचा गाण्याचा आवाज कसा होता, हेच त्याच्याकडे नव्हतं. बोलण्याचा होता, खोकण्याचा होता, चपला काढण्याचा होता. आपल्या घरातून रोज सकाळी एक बाई डबा घेऊन निघत होती आणि तिकडे पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी दुसरीच होत होती. आणि ती दुसरी या लोकांनी बघितली. तिकीटवालीने बघितली. वॉचमनने बघितली. त्याला अचानक त्या वॉचमनचा इतका राग आला की त्याने पिशवी जमिनीवर जरा आदळलीच.

ती छोटी टाकी अगदी शेवटी, वळणाच्या आत होती. तिच्यात एकच जनावर होतं. माकूळ; पण बाजारात टोपलीत मिळते तसली पांढरी, लांबट नव्हे. उष्ण समुद्रातली, मुठीत मावेल एवढी, आणि पोहायचा कंटाळा असलेली. तिच्या पाठीतलं हाड इतकं लहान असतं की तिला तरंगून राहता येत नाही. थोडी वर उठली की खाली बसते. म्हणून ती चालते. पुढचे दोन हात आणि पोटाखालची कातडीची दोन टोकं टेकवत, तळाच्या वाळूवरून, घाई नसलेल्या जाड्या बाईसारखी ठुमकत ठुमकत. त्यावरून बायकोने तिला ठमी नाव ठेवलं होतं आणि बाहेरच्या पाटीवर शास्त्रीय नाव असूनही सगळे तिला ठमीच म्हणत. हे नाव बायकोने ठेवलंय हे फिटरला माहीत होतं. तेव्हा ते त्याने सहज घेतलं होतं. आता त्याला वाटलं, असलं नाव ठेवणारी बाई आपल्या घरात नव्हती. तिने घरात कशालाच नाव ठेवलं नव्हतं. बायको गेल्यावर ठमीने अंडी घातली होती. बायकोनेच कधीतरी टाकीत पालथी ठेवलेली नारळाची अर्धी करवंटी होती, तिच्या आतल्या बाजूला, एकेक करून, हात आत घालून चिकटवली होती. त्या अंड्यांना सारखं वाहतं पाणी लागतं म्हणून मॅडमनी ही टाकी बाकीच्यांपासून तोडून वेगळ्या लहान पंपावर घेतली होती, आणि त्याच जोडाला हा व्हॉल्व्ह होता.

खुंटीवर बायकोचे पिवळे रबरी हातमोजे टांगलेले होते. कुणी काढले नव्हते. त्याने ते घातले. त्याच्या बोटांना ते अर्धेच गेले. काचेपलीकडे वाळूचा एक उंचवटा होता, तो हलला. त्याला दोन डोळे होते, कुणी बोटाने वळणदार रेघ काढावी तशा बाहुल्यांचे. ठमी वाळूतून उठली आणि वाळूच्याच रंगात, जराही न बिचकता, ठुमकत काचेपर्यंत आली. हातमोज्यांसमोर थांबली. वर बघत राहिली. "मी नाही ती," तो म्हणाला. "नुसते मोजे आहेत." आणि मग त्याने झटपट काम उरकलं, कारण इथे उभं राहवत नव्हतं. पंप बंद केला, जुना व्हॉल्व्ह काढला, पिशवीत हात घातला, नवा लावला, टेप गुंडाळली, पाना फिरवला, पंप चालू केला. गळती थांबली. हात सवयीने काम करत होते आणि डोकं तिकीटखिडकीशी होतं. आभाळ कोसळू दे. आमचे हे. आमचे हे असं ती म्हणायची? त्याला ती कधी काहीच म्हणाली नव्हती. अहो सुद्धा नाही. नुसती खोलीत येऊन उभी राहायची आणि त्याला कळायचं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात असते, रोज फोन करते, जेवण झालं का विचारते आणि झालं म्हटलं की काय जेवलात विचारते.

"काय जेवलात बाबा?"

"अंडी उकडली. पाव होता." मग तो म्हणाला, "मला एक सांग. आई तुझ्याजवळ नकला करायची?"

"कसल्या नकला?"

"माझ्या. लोकांच्या."

"आई?" लेक म्हणाली. "आई कशाला नकला करेल? आई ऐकायची फक्त. मी बडबड बडबड करायचे आणि ती ऐकायची. का हो?"

"काही नाही. सहज."

"बाबा, रडताय का?"

"नाही गं. तिकडे गेलो होतो आज. व्हॉल्व्ह गळत होता."

फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात तिच्या जागी जाऊन बसला. हात मांडीत घेतले. तिथून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, दोन पाण्याच्या टाक्या दिसतात आणि तारेवर कुणाचे तरी कपडे. हे बघत ती रोज बसायची. तो याला दमणं म्हणत आला होता. दमली असेल, असं मनात म्हणून पान उलटायचा. ती गेली ती आपल्याच इमारतीच्या जिन्यात, भाजीची पिशवी हातात होती, कुणाला काही कळायच्या आत. डॉक्टर म्हणाले, आधी काहीतरी होत असणार, दुखत असणार, कधी बोलल्या नाहीत का? बोलल्या नाहीत. आता तो त्या खिडकीत बसलेल्या बाईचा चेहरा आठवायला लागला. त्यात दुखणं होतं का? कंटाळा होता का? आपल्याबरोबर राहून विझून गेलेलं माणूस असं बसतं का? दिवसभर गाणी म्हणायची, लोकांना हसवायचं आणि संध्याकाळी या घरात येऊन राखेसारखं होऊन बसायचं, ते कशामुळे? घरात दुसरं कुणीच नव्हतं. तोच होता. त्याला तिचा चेहरा नीट आठवेना. नाक आठवलं, कपाळ आठवलं, पण चेहऱ्यावर काय होतं ते येईना. जे रोज समोर असतं त्याच्याकडे माणूस बघत नाही. मग तो रडलासुद्धा, पण कोणासाठी रडतोय ते त्याला ठरवता येईना. खिडकीतलीसाठी रडावं तर ती तिकडे हसत होती. तिकडच्या हसणारीसाठी रडावं तर तिची त्याची ओळखच नव्हती. 

सकाळी दुसऱ्या कामावर जायचं म्हणून त्याने पिशवी जमिनीवर रिकामी केली. पाने, टेप, करवत, वॉशरची डबी. आणि पांढऱ्या प्लास्टिकचा व्हॉल्व्ह, दुकानातल्या पिशवीत, न उघडलेला. 

तो त्याच्याकडे बघत राहिला. हा इथे असेल तर तिथे काय लावलं?

मत्स्यालयाच्या कामाला एक रीत होती. बायकोनेच घालून दिलेली. तो पिशवी घेऊन टाक्यांच्या मागच्या दाराशी आला की ती आडवी उभी राहायची. पिशवी उघडायची. जकात नाक्यावर बसल्यासारखी एकेक वस्तू वर धरून बघायची आणि पितळेची असेल ती काढून तिकीटवालीच्या टेबलावर ठेवायची. "पितळ बाहेर," एवढंच म्हणायची. पाइपाचं कोपर, निपल, कॉक, साधं पितळी झाकणसुद्धा. कारण खाऱ्या पाण्यात पितळ झिजतं आणि त्यातलं तांबं पाण्यात उतरतं, आणि माशांना एकवेळ चालेल पण माकुळीला, शिंपल्यांना ते विष होतं. दर खेपेला आपली झडती होते म्हणून तो कुरकुरायचा, पण मनातून त्याला ते आवडायचं. तेवढंच ती त्याच्या वस्तूंना हात लावायची. इतक्या वर्षांत त्याला ते लक्षात ठेवावं लागलं नव्हतं. लक्षात ठेवायला ती होती. काल दाराशी कुणी आडवं उभं नव्हतं. तो सरळ आत गेला होता.

रस्ताभर तो पळत होता की चालत होता, त्याला कळलं नाही. रिक्षा केली, ती वाटेत अडकली, उतरला, पिशवी छातीशी धरून माणसांतून वाट काढत गेला. एक बाई म्हणाली, "अहो, डोळे फुटले का?" त्याला वाटलं, हो. काल दुपारपासून सगळी रात्र. एवढ्याशा टाकीतलं तेच पाणी त्या पितळातून फिरून फिरून येत होतं. बायको ज्या जिवासमोर गात असेल, तो एकच जीव राहिला होता की ज्याला ती पुरती माहीत होती, आणि त्याच्या पाण्यात याने स्वतःच्या हाताने विष सोडलं होतं, वर टेप गुंडाळून, गळती थांबवून.

दालनाच्या वळणापाशी गर्दी होती. एरवी तिथे कुणी थांबत नाही. लोक टाचा उंच करून बघत होते, मुलं टाळ्या पिटत होती. "बघ बघ, आता जांभळी!" कुणीतरी म्हणत होतं. "अगं, लाइट लावल्यासारखी." त्याने माणसं बाजूला सारली. टाकीत ठमी पेटली होती. तपकिरी, त्यावर पांढरे पट्टे, पट्ट्यांच्या कडेने पिवळं, हातांची टोकं रक्तासारखी लालजांभळी, आणि त्या सगळ्यावरून काळ्या सावल्या एकामागून एक अशा धावत होत्या की जणू आतून कुणी पडदा ओढतंय. ती एका जागी नव्हती. चालत होती, काचेला धडकत होती, वळत होती, अंगावरचे कातडीचे कोंब ताठ उभे करून परत चालत होती. करवंटीपाशी जायची, हात आत घालायची, पुन्हा काचेकडे. इतकं रंगीत त्याने आयुष्यात काही बघितलं नव्हतं.

"टाळ्या बंद करा," तो ओरडला. "काय बघताय? मरतेय ती!"

टाळ्या थांबल्या. एक माणूस म्हणाला, "काका, असं काय करता, सुंदर आहे की." पण तोवर टाचांचा आवाज आला. मॅडम आल्या. या इथल्या डॉक्टर. सगळं मत्स्यालय त्यांच्या ताब्यात. "काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि त्याने पिशवीतला पांढरा व्हॉल्व्ह हातावर ठेवून त्यांच्यापुढे धरला. "हा लावायचा राहिला," तो म्हणाला. "पितळेचा लावला. काल. माझ्या हातून."

मॅडमनी व्हॉल्व्हकडे एकदा बघितलं. त्यांनी लोकांना दालनाबाहेर काढायला वॉचमनला सांगितलं आणि बाह्या सारल्या. पुढचा वेळ दोघांनी मिळून काम केलं. त्याने पितळ काढलं. एका रात्रीत त्याच्या तोंडाशी हिरवट कड आली होती. पांढरा बसवला. मॅडमनी साठवणीच्या हौदातलं स्वच्छ खारं पाणी नळीने एका बाजूने सोडलं आणि दुसऱ्या बाजूने जुनं काढत राहिल्या, हळूहळू, धक्का बसू नये अशा बेताने. तिला उचलून दुसरीकडे का नेत नाही, असं त्याने विचारलं. "उचलली तर घाबरून शाई सोडेल. आधीच अर्धी झाली आहे. आणि अंडी उचलता येत नाहीत," त्या म्हणाल्या. ठमी अजून पेटलेलीच होती. बादल्या उचलून त्याच्या हातांना रग लागली. वाकून पाणी उपसताना त्याला करवंटीच्या आतलं दिसलं. अंडी आधी पांढरी होती, आता ती काचेसारखी झाली होती, आणि प्रत्येकात नखाएवढं काहीतरी वळलेलं होतं. त्याला डोळे होते.

"यांना दिसतं का?" त्याने विचारलं.

"दिसतं. बाहेर पडायच्या आधीपासून बघत असतात."

म्हणजे यांनी रात्रभर बघितलं. त्याने मान वळवली. "हिच्या रक्तातच तांबं असतं ना? निळं रक्त. आमची बायको एकदा म्हणाली होती. मग तांब्याने मरते कशी?"

"तुमच्या रक्तात लोखंड आहे. म्हणून खिळे खाता का?" मॅडम फटकन बोलल्या. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून नळी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही लवकर आलात," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "उद्या आला असतात तर काही उरलं नसतं. आता बघायचं."

"रंग कधी जाईल?"

"पाणी मानवलं की जाईल. लोकांना वाटतं ही कायम अशीच रंगीत असते. सगळ्या फिल्ममध्ये तशीच दिसते, कारण कॅमेरेवाले तिच्या तोंडावर जाऊन उभे राहतात. माझ्या अंगात विष आहे, जवळ येऊ नका, असं ओरडणं आहे ते. तिला कुणी छळलं नाही, तर ही दिवसच्या दिवस वाळूच्या रंगाची असते. तीच तिची खरी स्वस्थता."

फिटरच्या हातातली बादली तशीच राहिली. पाणी काठावरून त्याच्या चपलेवर सांडलं. वाळूच्या रंगाची. तो मातकट गाऊन, मांडीतले हात, खिडकी. कुणी छळलं नाही तर. त्याने टाकीच्या कडेचा आधार घेतला. म्हणजे तिकडे ओरडणं होतं आणि इकडे... म्हणजे ती घरी येऊन रंग उतरवायची, कारण घरी रंग लागत नव्हते. हे त्याला इतकं हवं होतं की त्याने मॅडमकडे बघितलंसुद्धा नाही, कारण त्या पुढे बोलतील अशी भीती वाटली. आणि त्या बोलल्याच. "अर्थात, नर दिसला तरी रंग येतात. शिकार दिसली तरी. नुसती भीतीच असते असं नाही. मस्तीतही येतात." त्या सहज बोलत होत्या, नळीचं तोंड वर-खाली करत. त्याने बादली खाली ठेवली. भीती आणि मस्ती. म्हणजे रंगावरून काही कळत नाही. आणि रंग नसण्यावरूनही नाही.

"आणि मेली तर?" तो म्हणाला. "मेली तर कशी होते?"

"पांढरी पडते. फिकट. चुन्यासारखी नव्हे, जरा मळकट पांढरी."

"वाळूसारखी?"

मॅडमनी नळी बंद केली. "जवळपास," त्या म्हणाल्या. "पण कळतं. श्वास दिसतो. अंगाच्या कडेची झालर हलते. थांबा तुम्ही इथे, हवं तर. मला बाकीचं बघायचंय. एक लक्षात ठेवा, काही झालं तरी पंप बंद करू नका. तिला आता धावतं पाणीच वाचवील, आणि अंड्यांनाही." जाता जाता त्या थांबल्या. "फिटर, तुमची बायको असती ना, तर तुम्हाला दारातच सोलून काढलं असतं."

"हो," तो म्हणाला. "आणि नंतर माझी नक्कल केली असती."

मॅडम टाचा वाजवत गेल्या. बायको ही चाल कशी चालत असेल, ते त्याने डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. थोडी दिसली. डबा हातात, गाऊन नाही, टाचा उचललेल्या, आणि तोंडावर काय होतं ते पुन्हा नाहीच. 

दालन परत उघडलं होतं. लोक यायला लागले होते. तो टाकीच्या बाजूला, पाइपांच्या खाचेत स्टुलावर बसला. रंग उतरायला लागले होते. आधी सावल्या थांबल्या. मग पिवळं विरलं, मग जांभळी टोकं करडी झाली. ठमी करवंटीच्या दारात आली, खाली बसली, कडेच्या झालरीने वाळू उडवून अंगावर घेतली आणि हात पोटाशी ओढले. हळूहळू तिथे काही उरलं नाही. वाळू होती. त्याने मघाशी ती बसताना बघितली नसती तर ती कुठे आहे हे त्यालाही सांगता आलं नसतं. बरं वाटून ती वाळूच्या रंगाची झाली होती, की संपून मळकट पांढरी, हे टाकीतल्या निळ्या दिव्यात दिसत नव्हतं. त्याने काचेला कपाळ टेकवलं. उंचवट्याच्या कडेला वाळूचे कण हलत होते. हलत होते, थांबत होते, हलत होते. श्वास असेल. पण पंपाचं पाणीही तिथूनच जात होतं, आणि तोही तसाच, टप्प्याटप्प्याने पाणी ढकलत होता. पंप त्यानेच चालू करून दिला होता. 

व्हॉल्व्ह त्याच्या हाताशी होता. पांढरा, नवा, सोपा. पाव फेरा फिरवला असता तर पाणी थांबलं असतं, आणि वाळू तरीही हलली तर ती जिवंत. न हलली तर नाही. एवढा सोपा हिशेब. दोन श्वासांचं काम. तेवढ्याने अंड्यांना काय होणार होतं? त्याने व्हॉल्व्हच्या मुठीवर हात ठेवला. खिडकीतल्या बाईला त्याने कधी विचारलं नव्हतं, काय गं, काय झालंय. पान उलटलं होतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, काहीतरी, आणि मग त्याला आता हे असं अंधारात चाचपावं लागलं नसतं. इथे विचारता येत होतं. इथे विचारायला मूठ होती. त्याची बोटं आवळली. मूठ किंचित हललीसुद्धा, आणि पाण्याचा सूर जरा खाली आला, आणि त्याच वेळी करवंटीच्या आतले ते नखाएवढे डोळे त्याला दिसले. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते, निदान त्याला तसं वाटलं.

त्याने मूठ होती तिथे परत नेली. सूर वर आला. त्याने हात काढून मांडीत घेतला, दुसरा हात त्याच्यावर ठेवला आणि बसून राहिला.

एक बाप आपल्या मुलीला कडेवर घेऊन वळणापाशी आला. दोघांनी काचेतून आत बघितलं. वाळू होती, एक करवंटी होती. "यात काय आहे?" मुलीने विचारलं. बापाने वाकून पाटी वाचली, पुन्हा आत बघितलं, सगळे कोपरे बघितले. "काही नाही गं," तो म्हणाला. "रिकामी आहे. चल पुढे."

"आहे," फिटर म्हणाला.

बाप दचकला. खाचेत कुणी बसलंय हे त्याने बघितलंच नव्हतं. "कुठे आहे?"

फिटर वाळूकडे बघत होता. कण हलले. थांबले. तो पुढच्याची वाट बघत राहिला.

"आहे," तो म्हणाला. "इथेच आहे."